थेंब सांडले, हळद राहिली

मास्तर, तुझ्या लाडक्या शब्दापुढे कारकुनाने आडवी रेघ मारली. मी समोरच उभी होते.

शहरातला तो मोठा दवाखाना. जव्हारहून आपल्याला तिकडे पाठवलं होतं. खिडकीपलीकडचा मुलगा तसा चांगला होता, मला मावशी म्हणत होता. कागद सगळा इंग्रजीत. तुझं नाव, वय, गाव मी सांगत गेले आणि तो लिहीत गेला. मग एका ओळीवर त्याचं पेन थांबलं. "पेशंट तुमचे कोण?" मी म्हटलं, "नवरा हाय माझा." त्याने माझं आधार कार्ड मागितलं. त्यावर माझ्या नावापुढे अजून माझ्या बापाचं नाव आहे. जाऊ, बदलून आणू, असं म्हणत म्हणत तूच कधी गेला नाहीस. "लग्नाचा दाखला? निदान एखादा फोटो?" त्याने विचारलं. मी नुसती मान हलवली. कागद माझ्या बाजूने उलटा होता, तरी तो शब्द मला ओळखू आला. स्पाऊस. त्याच्यापुढे रेघ ओढून त्याने खाली नातेवाइकाच्या जागी रेखाची सही घेतली. जिला मी पोटात वाढवलं तिची सही चालली, कारण तिच्या नावात तुझं नाव आहे.

सही कोणाची, यावरून काही अडलं नाही. डॉक्टरांनी लगेच आत नेलं, करायचं ते सगळं केलं. तुझ्या छातीतच काही उरलं नव्हतं. तू दुपारी गेलास. पण ती रेघ माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आज चौदा दिवस झाले. दिवस घातले, पाहुणे गेले, तुझा भाऊ लहानूही मोखाड्याला परत गेला. रेखा अंगणात भांडी घासते आहे. मी तुझ्या पिशवीतल्या शाळेच्या कोऱ्या उत्तरपत्रिका काढून त्यांवर लिहिते आहे. अंगणवाडीचे अहवाल लिहून माझा हात बसलाय, असं तूच म्हणायचास. शुद्धलेखन तपासणारा आता कोणी नाही, तेव्हा चुका राहू देत.

बावीस वर्षांपूर्वीची ती सकाळ आठवते का? खोडाळ्याच्या अलीकडे माझ्या बापाचं घर. तू तुझ्या लोकांबरोबर आलास, पांढरा सदरा घालून, आणि सबंध वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसलास. मला तर वाटलं, हा मास्तर नसून मास्तरच्या हाताखालचा शिपाई असणार. आपल्यात लग्न ठरतं तसंच ते ठरलं. मोहाची दारू द्रोणात ओतली, आणि कोणी तोंडाला लावायच्या आधी जानकी धवलेरी पुढे आली. तेव्हाच तिचे केस पिकले होते. आपल्यात लग्न भट लावत नाही, धवलेरी लावते, ती धवले म्हणजे लग्नाची गाणी म्हणते आणि तीच देवाला साक्षीला बोलावते. तिने आधी मला विचारलं, "पोरी, पसंत हाय का?" मी म्हटलं, "हाय." मग तुला विचारलं. तू इतक्या हळू बोललास की तिने पुन्हा विचारलं आणि सगळे हसले. दुसऱ्यांदा तू ओरडूनच म्हणालास, "हाय." मग तिने द्रोणातले चार थेंब जमिनीवर सांडले, धरतरीचे, डोंगराचे, गावदेवाचे आणि पूर्वजांचे. बाकीची दारू माणसांनी प्यायली.

बस, एवढंच. हळद, चौक, मांडव, धवले, ते सगळं पुढच्या वर्षी करू असं ठरलं. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण आपल्या डोंगरात निम्म्या बायका अशाच नांदायला जातात आणि हळद सवडीने लागते. पुढच्या वर्षी तुझा बाप गेला. त्याच्या पुढच्या वर्षी रेखा पोटात होती. मग तुझी बदली झाली, मग माझी अंगणवाडी सुरू झाली. आणि मग तुला तो शब्द सापडला.

कुठल्याशा शिबिराहून तू जाडजूड डिक्शनरी घेऊन आलास, तेव्हा मी नाचणीची भाकरी थापत होते. माझ्या नोकरीचा कसलासा फॉर्म तू भरत होतास आणि मी विचारलं, हा स्पाऊस म्हणजे काय रे? चुकलंच माझं. तू पेन खाली ठेवून पुस्तक उघडलंस. इंग्रजीत हा शब्द फ्रेंचांकडून आला आणि फ्रेंचांकडे लॅटिनमधून. तिथे त्याचा अर्थ, शब्द दिलेला माणूस. लग्न झालेला नव्हे, ठरलेला. रोमच्या लोकांत मुलगी द्यायची तर तिच्या बापाला समोरासमोर विचारायचे, शब्द देतोस का? आणि तो म्हणायचा, देतो. तेवढ्याने ती दोघं एकमेकांची स्पाऊस व्हायची. त्याच्याही मागे ग्रीकांचा एक शब्द आहे, त्याच घरातला, आणि त्याचा अर्थ काय, सांग बघू? मला कसा ठाऊक असणार. तू उठून उभा राहिलास. पाण्याचा तांब्या उचललास आणि माझ्या सारवलेल्या जमिनीवर चार थेंब सांडलेस. "देवाचे नाव घेऊन दारू जमिनीवर सांडने," तू म्हणालास. "तोच अर्थ हाय. दारू सांडायची नि वचन द्यायचा. आपन कं केला मग? तेच केला ना?"

तुझा तो चेहरा मी विसरणार नाही. वर्गात एखाद्या पोराने न शिकवलेलं गणित सोडवल्यावर तू असा दिसायचास. डोंगरातल्या लोकांना रानटी म्हणणाऱ्या सगळ्या जगाला तू त्या दिवशी एका पुस्तकाने उत्तर दिलंस, असं तुला वाटत होतं. मला जमीन पुन्हा सारवावी लागणार होती, तरी मीही हसले. त्या शब्दात नवरा वेगळा आणि बायको वेगळी नाही, हेही तुला फार आवडलं. दोघांना एकच शब्द. मी म्हटलं, मग तो स्पाऊस उद्या पहाटे पाण्याला जाऊ दे, ही स्पाऊस निजते. आणि मास्तर, दुसऱ्या दिवशी तू खरंच हंडा घेऊन विहिरीवर गेलास. पाड्यावरच्या बायका महिनाभर हसत होत्या.

पण मग तो शब्द तू ढालीसारखा पुढे धरायला लागलास. मी हळदीचा विषय काढला की तुझी डिक्शनरी उघडायची. "आपन शब्द दिलाय. मूळ अर्थ तोच हाय. वर आनि हलद कशाला?" कधी म्हणायचास, स्पॉन्सरसुद्धा त्याच घरातला शब्द आहे, क्रिकेटवाल्यांच्या सदऱ्यावर असतो तो. कधी म्हणायचास, रिस्पॉन्ससुद्धा, म्हणजे उलट दिलेलं वचन. मी म्हणायची, बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, जेव तूच. आणि एकदा तू जे बोललास ते मला आजही पटतं नि आजही टोचतं. तू म्हणालास, आज हळद लावून घेतली तर मग कालपर्यंत तू माझी कोण होतीस? इतकी वर्षं काय खोटी होती?

मी तेव्हा गप्प बसले. उत्तर नव्हतं म्हणून नव्हे. ते सांगायची मला लाज वाटत होती. आता सांगते.

पाड्यावर लग्न निघालं की घरातल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. तो सवाष्णींनीच लिहायचा. सवाशीण म्हणजे जिला हळद लागली आहे आणि जिचा नवरा जिता आहे ती. माझ्या हाताला ते लेखन लहानपणापासून येतं, तू पाहिलंयस, अंगणवाडीची भिंत मीच लिहिली आहे. पण बावीस वर्षांत एकाही चौकाला मी बोट लावलं नाही. बायका पीठ कालवायच्या, सळई हातात घ्यायच्या, आणि मी दाराबाहेर त्यांची पोरं सांभाळत बसायची. कोणी मला हाकललं नाही, मास्तर. कोणी वाईट बोललं नाही. मीच आपली उठून बाहेर जायची, त्यांना बोलायला लागू नये म्हणून. एकदा साखरशेतला तुझ्याच चुलत बहिणीच्या लग्नात तू मला बाहेर बघितलंस आणि म्हणालास, "बरा झाला, इथं वारा हाय." तू खुशाल माझ्याजवळ बसलास. वाऱ्याला.

इतका शिकलेला माणूस आणि त्याला एवढं दिसलं नाही. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये कोण काय बोललं ते तुला ठाऊक होतं आणि आपली बायको दाराच्या कुठल्या बाजूला बसते ते ठाऊक नव्हतं. याचा मला राग आहे. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण तू होतास तेव्हा मी रागावले नाही, मग कधी रागवायचं?

रेखाचं जमलं ते यंदाच्या दिवाळीनंतर. आपल्याकडे आईबापाची हळद राहिली असेल तर आधी ती लागते, मग लेकीची, त्याच मांडवात. तेव्हा तुझी कुठलीच डिक्शनरी चालली नाही. लहानू येऊन सांगून गेला, वैशाखात दोन्ही लग्नं. तू दोन दिवस तोंड पाडून बसलास. तिसऱ्या दिवशी, होळीच्या आधीच्या बाजारात, आपण खोडाळ्याला गेलो. हळदवाल्यापुढे तू म्हणालास, "रेखापुरती घे." मी म्हटलं, "दोघींची घेनार." तिथे, लोकांदेखत, मी तुला म्हटलं, तुझ्या पुस्तकातला शब्द तुझ्याजवळ ठेव, मला हळद पाहिजे. आवाज चढला होता माझा. हळदवाला दुसरीकडे बघायला लागला. तू हळकुंडांच्या दोन पुड्या बांधून घेतल्यास, एक मोठी आणि एक लहान. घरी येताना जीपमध्ये लहान पुडी तू मांडीवर धरून बसला होतास. माझ्याकडे बघितलं नाहीस, पण ती पुडी पिशवीतही टाकली नाहीस. मी ते पाहिलं होतं. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की मला दिसलं. घाट संपेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले, आपलीच बाजू वर राहावी म्हणून.

त्यानंतर आठवा दिवस. तू भाताच्या रोपांसाठी राब भाजायला शेतात गेलास. पाला पसरला, काडी लावली आणि बांधावर बसलास. मी न्याहारी घेऊन आले तेव्हा राब नीट जळत होता आणि तू तसाच बसला होतास, हात छातीवर. पुढचं सगळं गाडी, घाट आणि ती खिडकी.

तुला घरी आणलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. अंगण माणसांनी भरलं होतं. तुझी शाळेची पोरं कुंपणापलीकडे ओळीत उभी होती, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं तरी. तुला आंघोळ घातली. आणि लहानूने फळीवरून ती लहान पुडी काढली.

त्याचं म्हणणं वाईट नव्हतं. तो रडतच बोलत होता. "वयनी, आता लावून टाकू. पोरीचा लगीन अडल नायतर. पल्याडच्या पाड्याव असा केला होता एकदा." म्हणजे तुला बसवायचं, हळद लावायची, माझा हात तुझ्या हाताला लावायचा, चार धवले म्हणायचे, आणि मग उचलायचं. दोन बायका पाटा घ्यायला आत गेल्यासुद्धा. वरातीमागून घोडं म्हणतात ते ऐकलं होतं. तिरडीमागून आलेलं मी पहिल्यांदा बघत होते.

मास्तर, खरं सांगू? मला हो म्हणावंसं वाटलं. एका क्षणाला फार वाटलं. दवाखान्यातली ती रेघ पुसली जाईल असं वाटलं. हळद समोर होती, तू समोर होतास, माणसं जमली होती. आणि या वेळी तू वाद घालणार नव्हतास.

तेच मला खुपलं. तू वाद घालणार नव्हतास.

जानकी धवलेरी भिंतीला टेकून बसली होती. आता तिला नीट दिसत नाही. लहानू तिला म्हणाला, "आये, तू गा." ती उठली नाही. म्हणाली, "गाते ना. पन त्याला आधी इचारला पायजे. बिन इचारता मी कोनाला हलद नाय लावली अजून." मग ती मला म्हणाली, "तूच इचार, पोरी. पसंत हाय का म्हून इचार त्याला."

मी तुझ्याजवळ गेले. वाकले. मी खरंच विचारलं, मास्तर, सगळ्यांदेखत, तुझ्या कानाशी. पसंत हाय का? मला आठवलं, त्या वेळी तू पहिल्यांदा हळू बोलला होतास. म्हणून मी पुन्हा विचारलं.

"बोलला का?" धवलेरीने विचारलं.

"नाय," मी म्हटलं.

"मग कसा लगीन लावू?" ती म्हणाली.

मी लहानूच्या हातातून पुडी घेतली आणि पदरात बांधली. तो म्हणाला, "नि रेखाचा?" रेखा तुझ्या पायाशी बसली होती. म्हणाली, "माझा अडला त अडू दे, काका. बाबाला आता तरास नको देऊ."

मग बायका माझ्याकडे आल्या, बांगड्या फोडायला. आणि थांबल्या. एकीने दुसरीकडे पाहिलं. मला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलल्या, पण मला ऐकू आलं. हळद लागली नाही, तर हिच्या बांगड्या फोडायच्या का? ही रांडावली कशी म्हणायची? मी हात पुढे करून उभी होते, मास्तर. बावीस वर्षं तुझी भाकरी थापलेले हात पुढे केले होते, आणि ते घ्यावेत की नाही, हे कोणाला ठरवता येत नव्हतं. दवाखान्यातल्या त्या मुलाने निदान रेघ तरी मारली. या रेघ मारावी की नाही यावर अडल्या होत्या.

तेव्हा ती म्हातारी भिंतीशी बसूनच ओरडली. "कं बगता? थेंब माझ्या हातानी सांडलं मी. धरतरीन पिलाय ता. त्या दिसापासून ही त्याची नि तो हिचा. पोरीचा लगीन नाय अडायचा नि हिच्या बांगड्या बी नाय ऱ्हायच्या."

ऐकलंस? तुझी डिक्शनरी त्या म्हातारीने तोंडपाठ म्हटली. तिने एक पुस्तक उघडलेलं नाही. तू इतकी वर्षं मला जे पटवत होतास ते तिने चार वाक्यांत पंचांपुढे, भावकीपुढे, सगळ्यांपुढे सिद्ध केलं, आणि कोणी उलट बोललं नाही. तू जिंकलास, मास्तर. ऐकायला मात्र नव्हतास. नाहीतर रात्रभर मला झोपू दिलं नसतंस.

बांगड्या फुटल्या. काच उजव्या मनगटाला लागली, खूण अजून आहे.

नंतर हळूहळू माझ्या लक्षात आलं. वैशाखात रेखाचं लग्न होईल. तिकडच्या लोकांनी निरोप पाठवलाय, थांबायचं कारण नाही म्हणाले. आपल्या घराच्या भिंतीवर चौक लिहिला जाईल. माझ्या लेकीचा. आणि मी बाहेर बसेन. आजवर हळद लागली नाही म्हणून बाहेर होते, आता नवरा नाही म्हणून बाहेर असेन. या दोन्हींच्या मध्ये बाईला सवाशीण म्हणून काही वर्षं मिळतात, कोणाला थोडी, कोणाला पुष्कळ. मला त्यातला एक दिवस मिळाला नाही. मला एकच दिवस हवा होता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. एवढा पुरला असता.

हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही. चौकाचं सांगितलं असतं, दाराबाहेरचं सांगितलं असतं, तर तू डिक्शनरी मिटून दुसऱ्या दिवशी मांडव घातला असतास, एवढा मी तुला ओळखते. मी हट्टाने बोलले नाही. याला स्वतःहून कळायला हवं, असं मनात धरून बसले. तुला कळलं नाही यात तुझी चूक अर्धी आणि माझी अर्धी. माझी अर्धी मी आज कबूल करते. तुझ्या अर्ध्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

आणि तरी, तू हंडा घेऊन विहिरीवर गेलास ती पहाट मला मिळाली. पाड्यावरच्या दुसऱ्या कुठल्याच बाईला ती मिळाली नाही. सवाष्णींनासुद्धा नाही.

लहान पुडी पदराला तशीच होती. आधी वाटलं, परसात पुरावी. पण बाजारातलं हळकुंड उकडून वाळवलेलं असतं, ते उगवत नाही, हे आपल्यात पोराटोरालाही ठाऊक आहे. मोठ्या पुडीत घालायला मन होईना, ती रेखाची. शेवटी आज सकाळी मी पाटा मांडला आणि सगळी वाटली. अंगण पिवळं झालं. दुपारच्या उडदाच्या आमटीत ती घातली, जितकी मावेल तितकी.

रेखा पहिला घास खाऊन म्हणाली, "आये, हलद लय झाली." मी म्हटलं, "झाली त झाली. खा." तिने माझ्या हाताकडे पाहिलं आणि मग सगळी आमटी संपवली. मीही ताटली पुसून खाल्ली.

जेवून अंगणात आले, हात धुतले. बोटं पिवळीच राहिली, मनगटापर्यंत. दुसऱ्यांदा धुतले नाहीत.